चंद्रभागेच्या पोटातले खडे

"डाक्तरीणबाय, मी दारू पीत नाय. मी दारू फोडते."

कर्जतच्या दवाखान्यात चंद्रभागा पोटाची घडी करून बसली होती. ताठ झालं की आत कुणीतरी पहार खुपसून पिरगाळायचं. खालापूरच्या अंगाला, नाक्यावर तिचं कोंबडीचं दुकान. दिवसभर माना मुरगळणारी बाई, पण या दुखण्यानं तिला पिसांत लोळवलं होतं. तोंडात पदर कोंबून तिनं शटरला लाथा घातल्या होत्या.

"सोनोग्राफीत वायूमुळं नीट दिसलं नाही, मावशी. पण स्वादुपिंडाचा आजार वाटतोय. पुष्कळदा दारूनं होतो, म्हणून विचारलं."

दाराशी धाकटी जाऊ वनिता उभी होती. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. दिवस मावळायच्या आत बोलणं मालोजीच्या कानावर गेलं.

मालोजीची हातभट्टी वाडीमागच्या ओहोळात. चंद्रभागेचा नवरा बुधाजी तिथलीच पिऊन रक्त ओकत मेला. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दुसऱ्या दिवशी ती पहार घेऊन ओहोळात उतरली आणि रसायनाची पिंपं फोडत सुटली. मालोजीनं पाठीत दांडका घातला. तिनं वळून पहार त्याच्या तोंडावर हाणली. पुढचे दोन दात रसायनात गेले. तेव्हापासून विहारातल्या बायका तिच्या मागं ओहोळात पिंपं फोडायला जात.

आता मालोजी त्याच खिंडारातून हसत फिरू लागला. "फोडते कसली, घशात ओतते." बायका यायच्या थांबल्या. ओहोळातून परत धूर निघाला.

पनवेलला सीटी स्कॅन झाला. तपासायला शौचही डबीत भरून दिलं. वनिता नाक दाबत होती, तर चंद्रभागा म्हणाली, "रोज कोंबडीची आतडी उपसते मी. तू कशाला मरतेस?"

डॉक्टरणीनं फोटो दाखवला. स्वादुपिंड आक्रसलेलं, त्यात पांढरे खडे, नळी फुगून वाकडीतिकडी. डबीतल्या तपासणीत पाचकरस पार आटलेला निघाला. "म्हणून शौच तेलकट होतं, अंग झडतं. आता प्रत्येक घासाबरोबर ही कॅप्सूल."

"मंग लिवून द्या, ही बाय दारू पीत नाय म्हनून," चंद्रभागा म्हणाली.

"खडे दिसतात, मावशी. ते कशानं झाले ते दिसत नाही. न पिणाऱ्यांनाही होतो, एवढं मी लिहीन."

बाहेर आल्यावर वनिता कुजबुजली, "सांगून टाकू गं, यंत्रानं सांगितलं बाई पीत नाय. कोन वाचतंय?"

"मालोजीबी तसंच बोलतो. मग त्याच्यात नि माज्यात दोन दातांचाच फरक?"

सकाळी दुकानापुढं वाडीतल्या बायका उभ्या होत्या. मालोजी पुढं घुसला, कोंबड्या कापायच्या ओंडक्यावर पंजा टेकून म्हणाला, "काय गं चंद्रा, रिपोटात कोनती निघाली? देशी का माजी?"

"खडे निघाले. दारूचं रिपोटाला कळत नाय." तिनं त्याचं मनगट धरलं, ओंडक्यावर आवळलं आणि सत्तूर उचलला. "पिनारीचा हात थरथर कापतो, मालोजी. हा माजा बघ."

सत्तूर खाली आला. त्याच्या दोन बोटांमधल्या लाकडात रुतला. मालोजी ओरडला. तिनं पातं उपटलं आणि पुढच्या फटीत घातलं. तिसऱ्या घावाला करंगळीचं नख उडून कोंबडीच्या पिसांत पडलं.

"ते तू हललास म्हनून."

तिनं मनगट सोडलं. तो बोट तोंडात घालून मागं सरकला, शेजारच्या चहाच्या टपरीच्या बाकावर आदळला. बायका ओंडक्याभोवती सरकल्या, त्यांत वनिताही. मग वनिता म्हणाली, "वैनी, ओहोळात कवा जायचं?"

"शटर वडलं की."

पोटात पहार फिरली. चंद्रभागा ओंडक्यावर ओणवी झाली, दात खाऊन तशीच राहिली, मग पिंजऱ्यात हात घालून एक कोंबडी तंगडीला धरून ओढली.

"कुनाची हाय? सांगा, सालीसकट का सोलून?"