बंद म्हणून सांगितलेली गाडी

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा माझी बदली नांदेडहून तिथे झाली. ऑफिस एका जुन्या डाळमिलच्या गोदामात होतं. दारावरची पाटी नवी होती, आतल्या भिंतींना मात्र अजून तुरीच्या टरफलांचा वास येत होता. पहिल्याच वर्षी पाऊस गेला. माझं काम खेड्यांतल्या विहिरींचं पाणी मोजण्याचं. दोरीला वजन बांधून खाली सोडायचं आणि आकडा लिहायचा. उन्हाळ्यापर्यंत बहुतेक ठिकाणी ते वजन कोरड्या दगडावर टणकन वाजायला लागलं. आवाज झाला की विहिरीभोवती जमलेली माणसं पांगायची.

ऑफिसला जीप एकच, ती साहेबांची. एसटी जायची ती गावं थोडी. म्हणून जुनी मोटारसायकल घ्यायचं ठरवलं. नांदेडला थोरल्या भावाला सांगितलं, तर तो म्हणाला, "मेस्त्रीला दाखवल्याबिगर हात लावू नको." तो स्वतः एकदा फसला होता. बाहेरून चकचकीत दिसणारी गाडी महिन्याभरात धूर ओकायला लागली होती.

ऑफिसातल्या एकाने उदगीरच्या एका आडत्याचं नाव सुचवलं. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांचं दुकान होतं. मी गेलो तेव्हा ते गादीवर बसले होते. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाचा दोरा, अंगात स्वच्छ बंडी. सगळे त्यांना आप्पा म्हणत होते, मीही म्हणालो. मागच्या गोदामात बारदानाखाली गाडी झाकलेली होती. त्यांनी एकेक पोतं उचललं, घडी केली आणि बाजूला ठेवलं. खालून निघालेली गाडी इतकी स्वच्छ होती की मला नवल वाटलं. टाकीवर धुळीचा कण नव्हता.

"बंद हाय," आप्पा म्हणाले. "पर मशीन चांगलं हाय. टेंपोत घालून न्या. लातूरला चालू होईल."

"उद्या इथलाच एखादा मेस्त्री आणतो," मी म्हणालो. "बघून घेईल, मग ठरवू."

"मेस्त्री कशाला? माझा शब्द हाय ना." ते पटकन बोलले, आणि बोलल्यावर त्यांनी दाराकडे पाहिलं.

दारात त्यांच्या पत्नी उभ्या होत्या, हातात पाण्याचा तांब्या. त्या वर्षी उदगिरात पाहुण्याला कुणी भरून तांब्या देत नव्हतं. त्यांनी तो भरून आणला होता.

"मेस्त्रीला हितंच बोलवा," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर बघू द्या. हिला काय झालतं ते मला ऐकायचंय."

मग त्या मावशींनीच सांगितलं. गाडी त्यांच्या मुलाची. एकुलता एक. गेल्या श्रावणात एका सकाळी जेवून, देगलूरला मिरचीचा माल बघून येतो म्हणून निघाला. भांडण नाही, कुरबुर नाही. संध्याकाळी आला नाही. दुसऱ्या दिवशी गाडी नदीच्या पात्रात सापडली, वाटेपासून थोडी आत. तो नव्हता.

"गाडी बंद पडली म्हणून कुठं तरी मदत आणाया गेलं असंल," मावशी म्हणाल्या. "मग वाटंत काय झालं कुणास ठावं. श्रावण होता, पर नदीत टिपूस न्हवता. बुडालं म्हणावं तर पाणीच न्हाई. म्हणून मी वाट बघून राहिले. मदत आणाया गेलेलं माणूस परत येतंच की न्हाई?"

मी पाणी प्यालो आणि निघालो.

आप्पा माझ्याबरोबर एसटी स्टँडपर्यंत चालत आले. उन्हात, डोक्यावर काही न घेता. कडुलिंबाच्या सावलीत उभे राहिल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं.

"साहेब, मेस्त्री आणू नका. गाडी बंद न्हवती."

मला आधी कळलंच नाही.

"मी गेलो नदीत. चावी गाडीलाच होती. मी किक मारली. एका किकमदी चालू झाली. टाकीत पेट्रोल. चाकात हवा. तशीच चालवत घरी आणली असती तर हिनं काय म्हणलं असतं? म्हणून टॅक्टर आणला, ट्रॉलीत घातली आन् सांगितलं, बंद पडली व्हती. त्या एका गोष्टीवर ती जगून राहिली हाय. तुमी गाडी न्या. खराब निघाली तर मी हाय. पर हितं चालू करू नका."

एसटी आली. मी काही कबूल केलं नाही आणि नाही असंही म्हटलं नाही.

पुढचे काही दिवस मी विहिरी मोजत हिंडलो, पण मन त्या गोदामातच होतं. गाडी तपासून घेणं ही साधी गोष्ट. कुणीही करतो. पण ही तपासली तर मुलगा चालू गाडी सोडून गेला हे उघड होऊन एका बाईचं वाट बघणं संपणार होतं. न तपासता नेली तर आप्पांचं खोटं माझ्याही अंगावर येणार होतं. एकदा कामानिमित्त साहेबांच्या जीपमधून देगलूरच्या वाटेवर गेलो तेव्हा ड्रायव्हरला नदीच्या पात्रात थांबायला सांगितलं. पांढरी वाळू, मधे वाळलेल्या शेवाळाचे पापुद्रे, पलीकडे बाभळी. चारी बाजूंनी लांबपर्यंत दिसत होतं. एवढ्या उघड्या जागेत माणूस नाहीसा कसा होतो? मला उगाच वाटत राहिलं की मागे कुणीतरी उभं आहे. मी वळून पाहिलं नाही, सरळ जीपमध्ये जाऊन बसलो.

शेवटी मी ठरवलं, तपासायची नाही. आप्पांचं ऐकायचं. टेंपो घेऊन उदगीरला गेलो.

मावशी गोदामाच्या दारातच बसल्या होत्या. टेंपो पाहून उठल्या.

"मेस्त्री कुठंय?"

"नको मावशी. आप्पांचा शब्द पुरे."

"त्यांच्या शब्दावरच मी श्रावणापासून बसलेय, लेकरा." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मला खरं ऐकू दे. गाडीचं तरी."

मी आप्पांकडे पाहिलं. ते तुरीच्या पोत्यावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. बराच वेळ ते बायकोच्या पायांकडे बघत होते. मग तसेच बसून, मान वर न करता म्हणाले, "बोलवा मेस्त्रीला."

मेस्त्री कोपऱ्यावरचाच होता, बडबड्या. त्याला यातलं काही माहीत नव्हतं, नुकताच बीदरकडून येऊन धंदा मांडला होता. त्याने शिळं पेट्रोल काढलं, नवं घातलं, प्लग पुसला आणि दुष्काळात गिऱ्हाईक कसं नाही यावर बोलत बोलत किक मारली. दोनदा नुसता फुसफुस आवाज. तिसऱ्यांदा गाडी गरजली. बंद गोदामात धूर भरला, पत्रे थरथरले, वरची पाखरं फडफडत बाहेर गेली.

"फस्क्लास हाय की!" मेस्त्री ओरडला. "काय बी झालं न्हाई हिला. बंद म्हणून कोण सांगितलं, आप्पा?"

मावशी पुढे झाल्या. चालू गाडीच्या सीटवर त्यांनी तळहात टेकवला. गाडीबरोबर त्यांचा हात, बांगड्या, पदर, सगळं थरथरत होतं. आप्पांनी मेस्त्रीला बंद करायला सांगितलं. एकदम इतकं शांत झालं की मोंढ्यातली हमालांची हाक स्पष्ट ऐकू आली.

"तवा बी चालू व्हती?" मावशींनी विचारलं.

"हाव," आप्पा म्हणाले. "एका किकमदी."

"पडली व्हती का?"

"न्हाई. उभी व्हती. वाळूत स्टँड रुतू नये म्हणून खाली चपटा दगुड ठिवला व्हता त्यानं."

हे त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं. मावशी रडल्या नाहीत. गाडीच्या स्टँडकडे त्या वाकून बघत राहिल्या, जणू तो दगड अजून तिथे असेल. मग आप्पांच्या शेजारी पोत्यावर जाऊन बसल्या. मेस्त्री हत्यारं गोळा करायला लागला.

"मग ते आपल्या पायानं गेलं," त्या म्हणाल्या. "हरवलं न्हाई. गेलं." थोड्या वेळाने मला म्हणाल्या, "तू ने गाडी. हितं ठिवून काय करू?"

मी टेंपो परत पाठवला आणि गाडी चालवत लातूरला आलो.

गाडीने मला कधी त्रास दिला नाही. त्रास दुसराच होता. उदगीर, देगलूरकडच्या गावांत तिचा आवाज ओळखीचा होता. एका फाट्यावर चहाच्या टपरीतला म्हातारा, नजर अधू असलेला, आवाज ऐकून फडकं टाकून रस्त्यावर आला. "आलास व्हय रे!" असं म्हणत त्याने माझ्या दंडाला हात लावला. मी बोललो तेव्हा तो हात त्याने हळूच मागे घेतला आणि न विचारता चहा दिला. दुसऱ्या एका गावात शाळेपाशी एक बाई आवाजावर वळली, माझा चेहरा दिसताच पदर सारखा करून झपाझप निघून गेली. ती कोण, तिचा त्याच्याशी काय संबंध, हे मी कुणाला विचारलं नाही. कडूसं पडताना, दिवेलागणीला, एकटा येत असलो की मागच्या सीटवर वजन आहे असं वाटायचं. गाडी तेवढ्यापुरती जड चालायची.

आप्पांनी दुकान पुतण्याकडे दिलं. नवरा-बायको मुलाला शोधायला निघाले. तोवर मावशींनी उंबरा सोडला नव्हता, कारण मदत आणायला गेलेला माणूस घरीच येणार होता. आता त्या बीदर, गुलबर्गा, हैदराबाद, जिथे कुणी म्हणेल तिथे जात. मठ, धर्मशाळा, कामाच्या साइटी पालथ्या घालत. लातूरच्या स्टँडवर एकदा दोघं भेटली. मावशी वाळल्या होत्या, पण तरतरीत होत्या. आप्पांच्या खांद्याला पिशवी, मावशींच्या हातात दशम्यांचं गाठोडं. कुणीतरी रायचूरकडे तशा चणीचा माणूस पाहिला होता. "ह्या टायमाला खरं वाटतंय," मावशी म्हणाल्या. मी गाडीजवळ उभा होतो. त्यांनी गाडीकडे पाहिलंही नाही. बस लागली तशा त्या आधी चढल्या आणि आप्पांना हात देऊन वर घेतलं.

पुढे पाऊस पडला, माझी बदली झाली, गाडी विकली. तो सापडल्याचं मी कधी ऐकलं नाही. पण अनोळखी गावात त्याच्या वयाचा माणूस दिसला की मी अजून थांबून त्याच्या तोंडाकडे बघतो. त्याचा फोटो मला कुणी दाखवला नव्हता आणि मीही मागितला नव्हता.