गुंड्यांवरचा प्रबंध

बतूलने प्रबंध लिहायला घेतला तो अर्पणपत्रिकेपासून. यात तिचं काही चुकलं असं आमच्या सफ्रू गावात तरी कुणी म्हणणार नाही. इथे विद्यार्थ्याला विषय सुचायच्या आधी अर्पणपत्रिका सुचते, आणि घरच्यांना अख्ख्या प्रबंधात तेवढं एकच पान वाचायचं असतं. आईचं नाव आधी की नवऱ्याचं, यावर घरात चांगलीच धुसफूस झाली. नवरा हम्मादी फेस शहराच्या रस्त्यावर टॅक्सी चालवतो, मानी माणूस; आपलं नाव सासूच्या खाली पाहून तो चहालाही नको म्हणायला लागला. शेवटी बतूलने दोघांना एकाच ओळीत बसवलं. थोरल्या जावेचं नाव राहिलं ते राहिलंच, आणि ती अजून हिच्याशी नीट बोलत नाही.

बतूल चाळिशी उलटलेली बाई. लहानपणीच शाळा सुटली आणि हातात सुई आली. जेलाब्याच्या, म्हणजे आमच्या पायघोळ अंगरख्याच्या, गळ्यापासून पायापर्यंत उतरणाऱ्या त्या रेशमी गुंड्या आमच्याच गावच्या बायका करतात. दुपारी उंबऱ्यावर बसायचं, दोऱ्याचे वेढे घालत गाठ आवळायची आणि तोंडाने गल्लीभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या. बतूलनेही तेच केलं. मग मुलगी गिझलान बारावीला बसली तेव्हा हीदेखील बाहेरून बसली आणि मुलीपेक्षा जास्त गुण घेऊन पास झाली. ते गिझलानला अजून पचलेलं नाही. दोघी मायलेकी फेसच्या विद्यापीठात जायला लागल्या, मुलगी कायदा शिकायला आणि आई समाजशास्त्र.

सगळं सुरळीत चाललं होतं, घोडं अडलं ते शेवटच्या वर्षाच्या प्रबंधापाशी. गेल्या साली तिचा प्रबंध परत आला होता. यंदाही परत आला तर नाव कमी होणार आणि पदवी हातची जाणार, असं विभागाने स्पष्ट सांगितलं होतं. चार वर्षं पहाटे उठून स्वयंपाक उरकून पळालेली बाई ती. या वयात कसली शिकतेस म्हणून हसणाऱ्या गल्लीला तोंड दाखवायची तिला लाज वाटली असती. पण त्याहून खरं सांगायचं तर तिला शिकायला मनापासून आवडत होतं.

तेव्हा यंदा तिने काही कमी ठेवलं नाही. अर्पणपत्रिकेनंतर आभार. मग 'गुंडी' या शब्दाचा कोशातला अर्थ, मग शास्त्रातला अर्थ. आमच्याकडे याशिवाय पान हलत नाही, विषय मिठाचा असला तरी मीठ म्हणजे काय हे आधी कोशात पाहावं लागतं. मग दोन भाग, प्रत्येक भागाची दोन प्रकरणं, प्रत्येक प्रकरणाचे दोन तुकडे, आणि सगळे तुकडे सारख्या लांबीचे. गुंड्यांचे रंग एका बाजूला जास्त झाले तर दुसऱ्या बाजूला सुयांचे प्रकार ताणून लांबवायचे. एवढा नेटका गठ्ठा घेऊन ती उस्ताद वरदीघींच्या खोलीत गेली. वरदीघी तिचे मार्गदर्शक, सुपारीएवढे दिसणारे आणि तितकेच कडक.

त्यांनी गठ्ठा चाळला आणि बाईमाणसाला मानाने म्हणतात तसं लल्ला म्हणून बोलले, "लल्ला बतूल, घर छान बांधलंय. पण यात राहतं कोण?"

बतूलला काही कळलं नाही. उस्ताद म्हणाले, तुमचा प्रश्न कुठे आहे? प्रबंध एका प्रश्नावर उभा राहतो. प्रश्न असेल तर कुठलं प्रकरण हवं आणि कुठलं नको ते तोच सांगतो. इथे नुसती माहिती आहे.

ती घरी आली ती डोकं धरूनच. माहिती नको तर मग काय हवं? तिने रात्रीचा स्वयंपाक गिझलानवर टाकला आणि बायकांच्या अडचणी लिहून काढल्या: डोळे जातात, मान धरते, व्यापारी पाडून भाव देतो. उस्तादांनी तेही परत केलं. या अडचणी झाल्या, म्हणाले, आणि त्या तुम्हाला आधीपासून पाठ आहेत. तुम्हाला न कळलेलं काय आहे ते आणा.

आता आली का पंचाईत. वर्गातल्या एका पोराने तिला छातीठोकपणे सांगितलं, की वाक्याच्या सुरुवातीला 'कितपत' घातलं की झाला प्रश्न, सगळे तेच करतात. बतूलने इमानदारीत लिहिलं: 'सफ्रूच्या जीवनात गुंड्या कितपत महत्त्वाच्या आहेत?' उस्तादांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि विचारलं, "याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही?" ती म्हणाली, माहीत आहे, खूप महत्त्वाच्या आहेत. मग कशाला विचारता, म्हणाले.

गिझलान म्हणाली, कायद्याच्या विभागात असलं काही नसतं, दोन भाग केले की सुटलो. हम्मादी म्हणाला, ज्याला गुंडीतलं ओ की ठो कळत नाही तो तुला गुंड्या शिकवतोय. शेजारणी म्हणाल्या, अगं आम्हाला विचार, आम्ही वाट्टेल ते सांगतो. बतूलची अवस्था अशी झाली की भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं. तीस वर्षं जे बोटांनी केलं त्यातलं आपल्याला काय कळलेलं नाही, हे ती स्वतःलाच विचारत होती आणि चिडत होती. कधी वाटे उस्ताद बरोबर, कधी वाटे त्यांना आपल्याला नापासच करायचंय.

निदान मुलाखती तरी नीट घ्याव्यात म्हणून ती वही घेऊन गल्लीत बसली. पुस्तकात सांगितलं होतं तसं आधी नाव, मग वय, मग काम. पहिली बाई म्हणाली, काम काही नाही, घरीच असते. दुसरीही तेच म्हणाली. सगळ्यांच्या मांडीवर दोऱ्याची रिळं, बोटांत सुया, आणि उत्तर एकच. बतूलनेही निमूटपणे 'काही नाही' असं लिहून घेतलं. तिला त्यात वावगं वाटलंच नाही.

शेवटी ती आईकडे गेली. म्हातारी हनिया खिडकीपाशी गुंडी आवळत बसली होती, डोळ्यांना आता नीट दिसत नाही पण बोटं थांबत नाहीत.

"यम्मा, तू काय काम करतेस?"

"मी? मी कुठं काम करते? बाप तुझा कमावत होता."

"मग हे हातात काय आहे?"

"हे होय. हाताला काहीतरी चाळा."

बतूल आधी हसली. मग तिला एकदम संताप आला, कारण ज्या वर्षी बाप अंथरुणाला खिळला होता त्या वर्षी या चाळ्यावर घर चाललं होतं आणि ते म्हातारीला चांगलं ठाऊक होतं. तिने ते बोलूनही दाखवलं. म्हातारी म्हणाली, चाललं असेल, पण ते काही काम नव्हे. आणि रागावून चहा ठेवायला उठली. बतूल वहीकडे बघत राहिली. मन लावून करायचं, घर चालवायचं, आणि काम म्हणायचं नाही. का? हे तिला खरोखर कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने उस्तादांना तेवढंच एक वाक्य सांगितलं. त्यांनी ते तिच्याकडून कोऱ्या पानावर लिहून घेतलं. मग त्यांनी तिच्या गठ्ठ्यातला कोश, सुया, रंग असं सगळं उपसून बाजूला ठेवलं आणि म्हणाले, हे आता टाका. बतूलच्या ते जिवावर आलं. पण टाकलं. आधी प्रश्न, मग तो कुणाला आणि कसा विचारला ते, मग बायकांनी काय सांगितलं, मग त्याचा अर्थ. प्रकरणं कमीजास्त झाली, दोन भागांचा तोल गेला. निष्कर्ष मात्र जमेना. कुणी नवऱ्याच्या मानाचं कारण दिलं, कुणी दृष्ट लागण्याचं, कुणी नुसतं हसून विषय बदलला. बतूलने कसंबसं गोळाबेरीज करून शेवटचं पान भरलं.

तोंडी परीक्षेला अख्खं घर आलं. आमच्याकडे तशीच पद्धत. हम्मादीने टॅक्सी धुतली, गिझलानने बदामाच्या बिस्किटांचं ताट आणलं, आणि हनिया नवा जेलाबा घालून पहिल्या रांगेत बसली. बाहेरून आलेले परीक्षक भारी जेलाबा घातलेले, पोट सुटलेले गृहस्थ होते. सुरुवात मोकळी व्हावी म्हणून त्यांनी सहज विचारलं, "शिकण्याशिवाय आपण काय करता, लल्ला?"

बतूल घाबरलेली होतीच. तिच्या तोंडून निघून गेलं, "काही नाही. घरीच असते."

वरदीघींनी डोळे मिटून घेतले. आपण काय बोलून बसलो ते कळलं तशी बतूल पांढरीफटक पडली. प्रबंध आपण स्वतःच्या तोंडानेच पाडला, असं तिला वाटलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून म्हातारीचा आवाज आला. "खोटं बोलतेय, सीदी. ती गुंड्या करते. मी शिकवलंय. मीपण गुंड्याच करते, जन्मभर तेच काम केलंय."

परीक्षकांनी पानं उलटली. "पण इथे हनिया नावाच्या बाई सांगतात की त्या काही काम करत नाहीत. अर्पणपत्रिकेतलं आईचं नावही हेच. त्या आपल्या आईच ना? मग मी खरं काय धरू?"

बतूलने आईकडे पाहिलं. म्हातारी मान वळवून भिंतीकडे बघत होती, जणू आता बोलली ती दुसरीच कुणी.

"दोन्ही, सीदी," बतूल म्हणाली. "तेच मला कळत नाही. मीही आत्ता तेच म्हणाले. का म्हणाले, माहीत नाही."

"निष्कर्षात तर तुम्ही सगळं कळल्यासारखं लिहिलंय," परीक्षक म्हणाले.

"ते मी पान भरायला लिहिलं."

परीक्षकांनी वरदीघींकडे पाहिलं, मग शेवटचं पान गठ्ठ्यातून काढून तिच्या हातात दिलं. "हे परत लिहून आणा, जे आत्ता बोललात तेवढंच. बाकी प्रबंध मंजूर आहे."

गिझलानने आनंदाने तोंडाला हात लावून, लग्नात बायका जीभ हलवत करतात तसा, लुलुकार केला. बतूल ते एक पान हातात धरून तशीच उभी राहिली. मग ती आईशेजारी जाऊन बसली आणि हळूच विचारलं, यम्मा, आत्ता का गं सांगितलंस?

"मला काय ठाऊक," हनिया म्हणाली. "तूच शोध. शिकलेली तू आहेस."