रॉस बंदुकीचा रिवेट

बंदूक घेऊन तळघरात आलेल्या माणसाला ओरेस्ट ह्नातियुक आधी बोलूच द्यायचा नाही. टेबलावरच्या फ्लॅनेलच्या तुकड्यावर बंदूक ठेवायला लावायचा, डोळ्याला भिंग लावायचा आणि स्वतःच सांगायला लागायचा: कारखाना कुठला, साल कोणतं, नळी मूळची की बदललेली, दस्त्यावरचा शिक्का कुठल्या पलटणीचा. घराघरांतून जपलेल्या कितीतरी गोष्टी त्या टेबलावर खोट्या ठरल्या. एका दातांच्या डॉक्टरला त्याने तोंडावर सांगितलं होतं, "तुझ्या वडिलांनी ही जर्मनाच्या हातून हिसकावलेली नाही. युद्ध संपल्यावर वीस वर्षांनी ती दुकानात आली, हा बघ आयातीचा शिक्का." डॉक्टर दार आपटून गेला. ओरेस्टला त्याचं काही वाटलं नाही. जे आहे ते सांगायचं, आणि बंदूक कारखान्यातून निघाली तशी परत करायची, एवढंच त्याला कळायचं.

कॅनडातल्या कनोरा गावाच्या उत्तरेला आमची घरं शेजारी शेजारी. मी शाळेत शिकवत होते. तो धान्याच्या कोठारांवर यंत्रं दुरुस्त करायचा. त्याने लग्न केलं नाही. जवळची अशी एक धाकटी बहीण, स्टेफा, आणि तिचा नवरा नेस्टर. नेस्टर शेतकरी, बडबड्या, आणि ओरेस्टला हसवू शकणारा गावातला एकटा माणूस.

१९८३च्या शरदात एका शेतावरच्या लिलावात नेस्टरला रॉस बंदूक मिळाली. पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्याकडे असायची ती. पुढचं लाकूड कुणीतरी शिकारीसाठी करवतीने कापलेलं, नळी गंजलेली. पण नेस्टरला ती हवीच होती. त्या युद्धात त्याच्या वडिलांना, शत्रू ऑस्ट्रियाच्या मुलखातून आलेले म्हणून, कॅनडा सरकारने डोंगरातल्या छावणीत दोन वर्षं डांबलं होतं. तिथल्या पहारेकऱ्यांच्या खांद्याला रॉस होती, असं म्हातारा मरेपर्यंत सांगायचा.

"बाबांवर रोखली होती तशीच दिसली पाहिजे," नेस्टर म्हणाला. "आणि यंदा हरणावर मी रोखणार. सरकारला कळव पाहिजे तर."

ओरेस्टने पूर्ण हिवाळा त्यात घातला. जुनं अक्रोडाचं लाकूड शोधून कापलेल्या भागाला असं जोडलं की सांधा नखाला लागेना. रोज संध्याकाळी जवसाच्या तेलाचा एक हात. मार्चमध्ये त्याने मला मुद्दाम बोलावून बोल्ट दाखवला, नळीचं मागचं तोंड बंद करणारा, मागेपुढे सरकणारा पोलादी दांडा. कुण्या जुन्या मालकाने बोल्टच्या नळकांड्यात भोक पाडून रिवेट, म्हणजे एक छोटी पोलादी खीळ, ठोकला होता.

तो कशासाठी, हे ओरेस्टला पक्कं ठाऊक होतं. रॉसचा बोल्ट उघडून पुन्हा जोडताना त्याचं डोकं चुकीच्या बाजूला फिरून बसू शकतं. तसं बसलं तरी बोल्ट आत जातो, चाप ओढला की गोळी उडते, पण बोल्ट आत अडकलेला नसतो. तो मागे सुटून नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येतो. रिवेट असला की अशी चूक करताच येत नाही. पण कारखान्यातून निघाली तेव्हा बंदुकीला रिवेट नव्हता. ओरेस्टने तो काढला, भोक पोलादाने भरलं, घासलं आणि वर काळा रंग चढवला. मी भिंगातून पाहिलं. मला भोक सापडलं नाही, याचा त्याला फार आनंद झाला.

ईस्टरच्या जेवणानंतर त्याने बंदूक नेस्टरच्या हातात दिली. नेस्टरने ती खांद्याला लावून पाहिली. मग डोळे पुसून म्हणाला, "मेव्हण्या, माणसांवर एवढी माया केली असतीस तर चार पोरं असती तुला."

ओरेस्टने त्याला बजावलं की बोल्ट बाहेर काढून पुसायचा, उघडायचा नाही. नेस्टर म्हणाला, "मी कापणीचं आख्खं कंबाइन सोडवून परत जोडतो. मला बोल्टाची भीती घालतोस?" रिवेटबद्दल ओरेस्ट काहीच बोलला नाही.

नोव्हेंबरात शिकारीच्या पहिल्याच दिवशी नेस्टर ओल्या बर्फात घसरला आणि बोल्टमध्ये पाणी गेलं. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने तो उघडला, एकेक भाग पुसला आणि परत जोडला. तेलाची बाटली स्टेफानेच काढून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने झुडपांच्या कडेला एका हरणावर नेम धरून चाप ओढला. बोल्ट उजव्या डोळ्यातून आत गेला. सोबतच्या शेजाऱ्याने त्याला ट्रकपर्यंत ओढत आणलं, पण रस्त्यातच तो गेला.

दोन दिवसांनी पोलीस ती बंदूक तपासून घ्यायला ओरेस्टकडे आला. जिल्ह्यात या बाबतीत दुसऱ्या कुणाला विचारणार? मी चहा घेऊन खाली गेले होते. ओरेस्टने भिंग लावलं आणि नेहमीच्या सुरात शिक्के वाचून दाखवले. बोल्ट उलटा जोडला गेला होता, हेही सांगितलं. पोलिसाने लिहून घेतलं: मयताच्या हातून झालेली चूक. टोपी घालून तो जिन्याशी पोहोचला.

"थांबा," ओरेस्ट म्हणाला. "याला रिवेट होता. मी काढला."

पोलिसाने परत येऊन बोल्ट दिव्याखाली धरला, फिरवून फिरवून पाहिला. "इथे तर काहीच दिसत नाही."

"दिसणार नाही. मी काम नीट करतो."

कायद्याने काही झालं नाही. अपघाताचा शेरा कायम राहिला. रिवेट काढणं गुन्हा नव्हता. नेस्टरच्या मृत्यूनंतरची चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाल्यावर ओरेस्टने बहिणीला सगळं सांगितलं. मीही बरोबर होते. त्यानेच चल म्हटलं होतं. स्टेफा ताटं पुसत होती. तिने हातातलं ताट पुसून पुरं केलं.

"मी बाटली दिली म्हणून रडत होते," ती म्हणाली. "त्याची चूक, माझी बाटली, एवढ्यावर मला झोप लागायची. तुला सांगायलाच हवं होतं?"

"खरं ते सांगितलं."

"तुझं खरं तू घेऊन जा, ओरेस्ट. या घरात पुन्हा येऊ नकोस."

तो पुन्हा गेला नाही. गल्लीत समोरासमोर आले तर ती रस्ता ओलांडायची.

ओरेस्टने बाकीच्या बंदुका लोकांना परत दिल्या आणि जिथे जिथे रॉस असल्याचं कळेल तिथे जायला लागला. त्याची नजर अधू झाली होती, म्हणून गाडी मी चालवायचे. दारात उभं राहून तो सगळं सांगायचा, नेस्टरचं नाव घेऊन, स्वतःचंही, आणि रिवेट फुकट बसवून देतो म्हणायचा. बहुतेक जण ऐकून घ्यायचे आणि नको म्हणायचे. भोक पाडलेल्या बंदुकीला संग्राहक विचारत नाहीत, हे त्यांना त्यानेच तर शिकवलं होतं. मूसजॉ गावातल्या एका बाईने सरळ म्हटलं, "तुम्हीच लिहून दिलंय ना, सगळे भाग मूळचे आहेत म्हणून?" त्याने ते पत्र मागितलं. तिने दिलं नाही.

सहा वर्षं आम्ही असे फिरलो. मग जानेवारीतल्या एका आठवड्यात न्यूमोनियाने तो गेला.

जमीन दगडासारखी गोठलेली होती. खड्डा खणायला दोन दिवस लागले. स्टेफा दफनाला आली, सगळ्यांच्या मागे उभी राहिली. नंतर चर्चच्या हॉलमध्ये जेवणं चालली होती, तेव्हा ती माझ्याजवळ आली. तिने बशी घेतली नव्हती.

"किती जणांनी रिवेट बसवून घेतला?" तिने विचारलं.

"नऊ."

"आणि नको म्हणाले ते?"

मी म्हटलं, ते मोजले नाहीत. तिने कोटाची बटणं लावली, प्रत्येक बटण सावकाश, आणि जेवण न घेता घरी गेली.