एक धुणं कमी

निमगाव केतकीच्या रेश्मा मारकडचे आजोबा मेंढरं राखायचे, वडील जोतीराम पानमळा करतात. रेश्मा मात्र रोज सकाळच्या एसटीनं बारामतीला जाते आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत डोळ्यांना न दिसणारे कण बनवते. पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थाचे हे कण, म्हणजे क्वांटम डॉट्स. वीज मिळाली की ते हिरवे उजळतात. त्यांचा पातळ थर देऊन एलईडी दिवा करायचा, हा तिच्या पीएचडीचा विषय.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये तिचा एक दिवा असा लागला, की मार्गदर्शक विजयसिंह सर खुर्चीतून उठलेच. आधीचे दिवे आठ-दहा सेकंदांत विझायचे. हा बारा मिनिटं टिकला.

"यावर लगेच पेपर लिहू," सर म्हणाले.

"आणखी पाच करून बघते, सर."

पाचही काही सेकंदांत विझले. पुढचे पाचही.

"एकदा लागला ना? आकडे आहेत आपल्याकडं."

"आकडे खरेत सर, पण ते का आले हे मला सांगता येत नाही. तोवर पेपर नको."

सर दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नाहीत. रेश्माला वाईट वाटलं, पण कारण सापडणार याची खात्री होती. तिनं मार्चची वही काढली. त्या दिवसाच्या पानावर तिच्याच अक्षरात होतं : 'लाईट गेली. सेंट्रीफ्यूज बंद.' हे यंत्र कुपी गरागरा फिरवून धुतलेले कण तळाशी बसवतं. कण दोनदा धुवायचे असतात. त्या दिवशी दुसरं धुणं झालंच नव्हतं!

मग तिनं प्रत्येक धुण्यानंतर कुपीवर अतिनील टॉर्च मारून पाहिला. एकदा धुतलेले कण झगझगीत हिरवे, दोनदा धुतलेले मलूल. कणाभोवती लांब शेपट्यांच्या तेलकट रेणूंचं वेष्टण असतं. जास्त धुतलं की ते निघून जातं, उघडे कण एकमेकांना चिकटतात, पृष्ठभागावर रिकाम्या जागा पडतात आणि उजेड तिथंच जिरतो. पण कमी धुतलं तर जाड वेष्टणातून वीज पुरेशी जात नाही.

घरी तिनं हे सांगितलं तेव्हा आई साखरबाई हसली. "लाईट गेली की आमी शिव्या देतो, आन तुझं काम त्यानंच झालं म्हण की!"

"लाईटीनं न्हाय आई, लिहून ठेवलं म्हणून झालं."

तिनं नवा मार्ग धरला. एकदाच धुवायचं आणि मग ब्रोमाइडचा एक क्षार घालायचा. त्याच्या रेणूंच्या शेपट्या आखूड, म्हणून वीज सहज जाते, आणि पकडही घट्ट. शिवाय ब्रोमाइड रिकाम्या जागा भरून काढतं. क्षार जास्त पडला की कण पांढरे पडून वाया जात. प्रमाण जुळायला चार महिने लागले. ऑक्टोबरात दिवा पन्नास मिनिटं जळला.

तरी पेपर लिहायला ती थांबली; दुसऱ्याच्या हातूनही दिवा टिकतो का ते बघायचं होतं. लासुर्ण्याची दिपाली नुकतीच प्रयोगशाळेत आली होती. रेश्मानं तिला लिहिलेली कृती दिली आणि स्वतः बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली. दिपालीनं एकटीनं चार दिवे केले, तीन टिकले.

"आता तरी लिहायचं का?" सरांनी हसत विचारलं.

"आता लिहू."

पेपरात तिनं चौथ्या, न टिकलेल्या दिव्याचाही आकडा घातला.