डीएनए न टाकलेली नळी

आधीच सांगतो, माझा असल्या भुताखेतांच्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. शीळफाट्याला म्हणे एक बाई लिफ्ट मागते... अरे, तिथल्या ट्रॅफिकमध्ये ती चालत लवकर पोचेल!

राहतो ठाकुर्लीला, नोकरी कोलशेतच्या एका लॅबमध्ये. आम्ही कृत्रिम पेशी बनवतो — म्हणजे लिपिडचे, चरबीचे म्हणा, डोळ्यांना न दिसणारे फुगे. आत प्रोटीन बनवायचं सगळं सामान भरायचं आणि डीएनए टाकायचा. डीएनए म्हणजे रेसिपी. ती वाचून फुगा हिरवं चमकणारं प्रोटीन बनवतो. शेजारी तुलनेला एक नळी बिनडीएनएची ठेवायची, ती काळीच राहते. रेसिपीच नाही तर बनवणार काय, कपाळ?

गेल्या वर्षी दसऱ्याची मशीनपूजा झाली आणि दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, मायक्रोस्कोपखाली बघतो तर — तीच नळी हिरवीगार! उजेड पार खाडीपर्यंत गेला असेल. बरं, टेबलापर्यंत तरी.

आमच्या बॉस, मॅडम, म्हणाल्या, "प्रसाद, पूजेच्या हळदीचं बोट लागलंय. हळदही चमकते."

"मॅडम, हळद चरबीत मुरते, फुग्याच्या कडेला दिसली असती. हे आत चमकतंय."

"मग डीएनए चुकून पडला तुमच्या हातून. रिपोर्टमध्ये तसं लिहा, नाहीतर हे काम प्राचीला देते."

शेजारच्या टेबलावरून प्राची पुटपुटली, "अरे, सॉरी म्हण ना, मोकळा हो!"

"तू गप गं!" हे फुगे मी पोटच्या पोरांसारखे वाढवलेत. "मॅडम, माझा हात चुकलेला नाही. तुम्हीच करून बघा."

त्या इरेला पेटल्या. नवे ग्लोव्हज, नव्या बाटल्या, नवं लिपिड, डीएनएचा डबा खोलीबाहेर. मी दारात हाताची घडी घालून उभा. थांबलो, बघितलं... हिरवीगार!

मी अगदी नम्रपणे विचारलं, "मॅडम, रिपोर्टमध्ये कोणाचा हात लिहू?"

प्राचीला ठसका लागला. मॅडम मायक्रोस्कोपमधून डोळा न काढताच म्हणाल्या, "लिहा... कारण माहीत नाही."

काम माझ्याकडेच राहिलं. त्यानंतर ती नळी कधी चमकली नाही, मी आणि मॅडम करून करून थकलो तरी. कमेंटमध्ये 'कंटॅमिनेशन', म्हणजे बाहेरचं काहीतरी मिसळलं, असं लिहिणाऱ्यांनो, मॅडमनाही हेच वाटलं होतं!

यंदा दसऱ्याला त्या नळ्यांच्या स्टँडला मॅडमनी स्वतः कुंकू लावलं. मला म्हणाल्या, "हात जोडा."

मी नाही जोडले. हात चुकलेच नव्हते, तर जोडू कशाला?