पोळ्याच्या दिवशी रुतलेली जीप

ओल्या शेळ्यांचा वास आला की मला ते विश्रामगृह आठवतं. चामोर्शीपलीकडच्या डोंगरात भर पावसात एकटाच सायकल हाणत मी तिथं पोचलो होतो. इंग्रज जाऊन काही वर्षं झाली होती, साहेब मात्र उरले होते. जंगलखात्याच्या अशाच एका साहेबानं, "सायकलवाल्यांची सोय इथं नाही," म्हणून रिकामी खोली नाकारली आणि मी शेळ्यांच्या गोठ्यात झोपलो. सकाळी पुढे निघालो, तर त्याची जीप नाल्यात रुतलेली. "गावातून बैल पाठवता का?" आवाज एकदम मऊ. गावात बैलांची शिंगं रंगवणं चाललं होतं. शेतकरी म्हणाला, "आज पोळा हाय भाऊ, बैल जुपत नाई कोणी. साहेबाले म्हणा, उद्यापर्यंत जीपमंदीच बसा." एवढा निरोप द्यायला मी चिखलातून मुद्दाम परत गेलो. हल्ली गुडघे प्रत्येक जुन्या चढाचा हिशेब मागतात. त्या फेरीबद्दल त्यांची अजून तक्रार नाही.