सोवळ्याच्या हौदातलं लग्न

देऊळगाव राजात सोयरीक जमवायची, तर भालचंद्रपंतांना विचारल्याशिवाय पान हलत नसे. गोत्र, नाडी, पोटशाखा सगळं जुळल्याखेरीज पंत होकार देत नसत, आणि जुळल्यावरही खुशीनं देत नसत. स्वतःच्या लेकीला, गार्गीला, साखरखेर्ड्याच्या शेतकऱ्याचा हर्षल पसंत आहे हे कळलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आपल्या घरात सरमिसळ होत नाही."

पंतांचं सोवळं मुख्यतः परसातल्या हौदात साठलेलं असे. नळाचा भरवसा नाही, म्हणून देवाचं पाणी तिथून. डासांचं औषध टाकायला आरोग्य खात्याची माणसं आली की पंत दारातच आडवे. अळ्या खाणारे गप्पी मासे सोडतो म्हटलं, तर जास्तच भडकले. "बालाजीच्या नैवेद्याला मासळीचं पाणी?"

गार्गी विद्यापीठात कीटकांवर संशोधन करायची. सुट्टीत तिनं हौदातल्या अळ्या बाटलीत भरून नेल्या, आणि पुढच्या खेपेला म्हणाली, "बाबा, रानं तुटली, उन्हाळे वाढले, म्हणून रानातला डास गावात उतरलाय. गावातला होताच. दोघांची गाठ आपल्या हौदात पडलेली दिसते. संकर वाटतोय, पक्की तपासणी बाकी आहे."

"आपल्याच हौदात?" पंतांचा आवाज चिरकला. "दुसरी जागा नव्हती?"

"होत्या की. पण तिथं मासे आहेत."

हे कुंपणापलीकडे गुलाबरावांनी ऐकलं. म्हणजे गावानं ऐकलं.

"काऊन हो पंत, घरात लग्न लागलं अन् आमाले आवतन नाही? पत्रिका तरी पाह्यली होती का?"

त्याच महिन्यात पंत डेंग्यूनं आडवे झाले. डासाची पोटशाखा कोणती, हे त्यांनी डॉक्टरांना विचारलं नाही. उशाशी बसलेल्या त्यांच्या पत्नी शारदाबाई, ज्यांनी संसारभर हूं की चूं केलं नव्हतं, त्या म्हणाल्या, "हौदात मासे येतील. नाहीतर देवाचं पाणी उद्यापासून तुम्ही भरा. गुलाबरावांच्या बोअरवरून."

पंतांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "मासे कुठले?"

"हर्षलच्या शेततळ्यातले," गार्गी म्हणाली.

भिंतीकडूनच उत्तर आलं. "मागच्या दारानं ये म्हणावं."

हर्षल बरणी घेऊन पुढच्याच दारानं आला. "काका, कुठं सोडू?"

पंतांनी त्याच्याकडे न बघता परसाकडे बोट केलं, आणि जन्माच्या सवयीनं विचारलं, "गोत्र कोणतं?"

"माशांचं?"

"तुझं."

अंगातला ताप अजून पुरता उतरलेला नव्हता.